रानाच्या पडद्यावरची नऊ भोकं

नाट्यगृहाच्या मागच्या दाराने आत गेलं की डाव्या हाताला एक खोली लागते. खोली कसली, जिन्याखालची अडगळीची जागा ती. पण तिला दार आहे, दाराला कडी आहे, आत एक शिवणयंत्र, एक लांब मेज आणि भिंतभर धाग्यांची रिळं आहेत, म्हणून सगळे तिला खोली म्हणतात. या खोलीत मावशी एकतीस वर्षं बसत आल्या. त्यांना नाव नव्हतं असं नाही, पण हजेरीची वही सोडली तर ते कुठे लिहिलेलं नव्हतं. नट बदलले, नाटकं बदलली, चार मॅनेजर येऊन गेले. सगळ्यांच्या त्या मावशीच राहिल्या.

मावशींचं काम पडद्यांचं. या नाट्यगृहात हाताने रंगवलेले सात पडदे होते, प्रत्येक दोन मजले उंच. राजवाड्याचा, रस्त्याचा, बागेचा, नदीचा, तुरुंगाचा, रानाचा आणि गरिबाच्या घराचा. साठ वर्षांपूर्वी मावशींच्या सासऱ्यांनी ते रंगवले होते, जमिनीवर पसरून, अनवाणी त्यांच्यावर चालत, लांब दांड्याच्या कुंचल्याने. पडदे वर-खाली जायचे, दोर घासायचे, नटांच्या तलवारी लागायच्या, आणि मग कोणीतरी खोलीच्या दारात येऊन उभं राहायचं.

"मावशी, तुरुंग फाटलाय. आजचा कैदी पळणार बघा."

"पळू दे. त्याचं पाठांतर तसंही कच्चं आहे," असं म्हणत मावशी सुई घेऊन उठायच्या.

शिवणाची त्यांची एक रीत होती, आणि ती सासऱ्यांनी लावून दिलेली. मावशी लग्न होऊन आल्या त्याच वर्षी सासऱ्यांनी त्यांच्यासमोर जुन्या पडद्याचा एक फाटका तुकडा टाकला आणि म्हणाले, "असा जोड, की मला शोधून सापडला नाही पाहिजे." पहिल्या खेपेला त्यांनी लांबूनच बोट दाखवलं. दुसऱ्या खेपेला चष्मा लावून. तिसऱ्या खेपेला म्हातारा अर्धा तास तुकडा उलटसुलट करत बसला, चाचपला, उजेडाकडे नेला, आणि शेवटी एवढंच म्हणाला, "आजपासून पडदे तुझे." मावशींना आयुष्यात दुसरं कुठलं प्रशस्तिपत्र मिळालं नाही, आणि त्याची गरजही वाटली नाही. धागा चहाच्या पाण्यात बुडवून जुना करायचा, मागून पातळ मलमलीचं ठिगळ खळीने चिकटवायचं, आणि पुढून टाके असे घालायचे की रंगाच्या फटकाऱ्यात विरून जावेत. भोक पडलं होतं हे प्रेक्षकाला तर सोडाच, नटालाही कळता कामा नये. हात लावण्याआधी त्या क्षणभर डोळे मिटायच्या. देवाशी त्यांचं बोलणं फार नसे, एखाद-दुसरं वाक्य, तेही मनातल्या मनात.

अशा त्या मावशींच्या हातून त्या वर्षी एक मोठी चूक झाली. ती कशी झाली ते सांगते.

नाट्यगृह चालवणाऱ्या मंडळाला गेली काही वर्षं पडद्यांचं ओझं वाटू लागलं होतं. मागे एक मोठा चमकता स्क्रीन बसवायचा, बटण दाबलं की राजवाडा, बटण दाबलं की रान, असा विचार चालला होता. आणि पडद्यांचं काय करायचं, तर एक व्यापारी ते घ्यायला तयार होता. तो त्यांचे तुकडे कापून, काचेच्या चौकटीत बसवून हॉटेलांच्या भिंतींसाठी विकणार होता. एकदा तो येऊन राजवाडा बघून गेला आणि खांब मोजता मोजता म्हणाला, "याचे चौदा सुबक पीस निघतील." मावशी तिथेच विंगेत उभ्या होत्या. पुढचे दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही.

त्यावर एकच उपाय होता. सरकारच्या वारसा खात्याने जुन्या वस्तूंच्या जतनासाठी अनुदान जाहीर केलं होतं. मंडळ म्हणालं, मिळालं तर पडदे ठेवू, वर्षाअखेरपर्यंत नाही मिळालं तर व्यापाऱ्याला हो म्हणू. अर्ज भरायचं काम मॅनेजरकडे आलं. या मॅनेजरला सगळे मागून घाईसाहेब म्हणत. माणूस वाईट नव्हता, पण चहा उभ्याने प्यायचा आणि कागद पहिल्या पानाच्या पुढे वाचायचा नाही. त्याने बत्तीस पानांचा अर्ज मावशींच्या हातात दिला.

"मावशी, पडद्यांचं तुमच्याइतकं कोणाला माहीत आहे? तुमच्या सूनबाई शिकलेल्या आहेत. घरी बसून भरून टाका, मी सही करतो."

"साहेब, तुम्ही वाचून तरी बघा."

"वाचतो की. तुम्ही भरा तोवर."

सूनबाई रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. दिवसभर रकाने भरायची तिला सवय. मावशींचा मुलगा फिरतीच्या नोकरीवर असल्याने घरात बहुतेक वेळ या दोघीच. रविवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या मेजावर सूनबाई लॅपटॉप उघडून बसली, आणि मावशी समोर मटार सोलायला बसल्या.

"आई, वारशाचं स्वरूप. चल की अचल?"

"म्हणजे?"

"हलतो की जागचा हलत नाही?"

"वर जातो, खाली येतो. दोर गुंतला की मध्येच लोंबकळतो."

सूनबाईने 'चल'वर खूण केली. "सध्या वापरात आहे का?"

"परवाच बागेत दोन खून झाले."

"म्हणजे आहे." ती पुढच्या पानावर गेली. "आता हे महत्त्वाचं. सध्याची अवस्था. उत्तम, बरी, वाईट, अतिशय वाईट."

मावशींच्या हातातली शेंग हातातच राहिली. "बरी लिही."

"आई, बरी लिहिलं तर ते म्हणतील, बरी आहे ना, मग आम्ही कशाला पाहिजे?"

"मग वाईट लिही. पण अतिशय नको."

"अहो, सगळे अतिशयच लिहिणार. आपण नुसतं वाईट लिहून मागे पडायचं का? आणि खोटं थोडंच आहे? तुम्हीच परवा म्हणत होतात, कापड बोट लावलं तरी जातं म्हणून."

"ते घरात म्हटलं. सरकारला कळवायला नव्हतं म्हटलं." मावशींनी शेंग चिरडल्यासारखी फोडली. "एकतीस वर्षं मी तिथे बसलेय. अतिशय वाईट असं लिहिलं तर वाचणारा म्हणेल, ही बाई तिथे काय करत होती?"

"हे माणूस वाचत नाही हो आधी. संगणक वाचतो."

"संगणकाला तरी काय वाटेल."

सूनबाई हसायला लागली, मग मावशीही हसल्या, आणि त्या हसण्यात सूनबाईने 'अतिशय वाईट'वर खूण करून टाकली.

अर्जाला फोटो जोडायचे होते. त्याच महिन्यात दोर तुटून रानाचा पडदा खाली आला होता तो थेट तुरुंगाच्या प्रवेशासाठी मांडलेल्या लाकडी गजांवर, आणि नऊ ठिकाणी फाटला होता. कुठे वीतभर, कुठे हातभर. मावशी त्याच दिवशी सुई घेऊन बसणार होत्या, पण सूनबाईने अडवलं. "आई, फोटो होईपर्यंत थांबा. हाच तर आपला पुरावा." मावशी थांबल्या. रोज त्या भोकांसमोरून जाताना मान वळवून जात, पण थांबल्या. मग सूनबाई येऊन एकेका भोकाजवळ पट्टी धरून नऊ फोटो काढून गेली. अर्ज गेला. पोच आली.

आणि मावशींनी सुई काढली.

त्यांच्या हिशोबाने त्यात वावगं काही नव्हतं. फोटो झाले होते, थांबायचं कारण संपलं होतं. त्यातून घाईसाहेबांनी सांगितलं की पंधरा दिवसांत वारसा खात्याच्या एक बाई प्रत्यक्ष बघायला येणार आहेत. पाहुणा यायचा आणि त्याच्यासमोर फाटकं टांगून ठेवायचं, हे मावशींच्या बुद्धीलाच पटणारं नव्हतं. त्यांनी नऊ भोकांना नऊ दिवस दिले. असा हात त्यांचा कित्येक वर्षांत चालला नव्हता. पानांच्या हिरव्यात तीन वेगळे हिरवे धागे घातले, खोडाच्या तपकिरीत चहाचा आणि काथाचा धागा एकत्र पिळून घातला. शेवटचा टाका तपासणीच्या आदल्या दिवशी पडला. सूनबाईला यातलं काही माहीत नव्हतं. तिची त्या आठवड्यात सकाळची पाळी होती. आणि घाईसाहेबांनी येता-जाता पाहिलं तेव्हा म्हणाले, "वा मावशी, नव्यासारखं."

अधिकारी मॅडम सकाळी दहाला आल्या. मावशींना वाटलं होतं मोठी गाडी येईल, चार माणसं उतरतील. आल्या एकट्याच, पायात कापडी बूट, पाठीवर पिशवी, आणि केस चापून बांधलेले. पिशवीतून भिंग, मोजायची टेप आणि फाईल काढली.

"पडदे कोण सांभाळतं?"

"मी," मावशी म्हणाल्या.

"आजी, तुम्ही किती वर्षं इथे..."

"आजी नका म्हणू. घरात अजून कोणी म्हणत नाही. मावशी चालेल."

मॅडम हसल्या. बाई बरी वाटली मावशींना. एकेक पडदा खाली आला, मॅडम मोजत गेल्या, लिहीत गेल्या. राजवाड्यापाशी बराच वेळ उभ्या राहिल्या आणि "हे रंगवणारा माणूस शिकला कुठे होता?" असं विचारलं. "कुठेच नाही," मावशी म्हणाल्या. सगळं सुरळीत चाललं होतं. मग रानाचा पडदा खाली आला.

मॅडमनी फाईलमधून नऊ फोटो काढले. पहिला हातात धरला, पडद्याकडे पाहिलं, परत फोटोकडे.

"हा तोच पडदा ना?"

"तोच."

"फोटो एक. मोठ्या झाडाच्या बुंध्याशी, वीतभर." त्या गुडघ्यांवर बसल्या, भिंग लावलं, बुंध्यावरून सरकवत नेलं, परत आणलं. "कुठे आहे?"

मावशी हाताची घडी घालून मागे उभ्या होत्या. "बघा की."

मॅडम सरकत सरकत दुसऱ्या फोटोच्या जागी गेल्या, मग तिसऱ्या. "सापडत नाही."

"नाहीच सापडणार," मावशी म्हणाल्या. इतकं सुख त्यांना म्हाताऱ्याने तुकडा उजेडाकडे नेला होता त्यानंतर झालं नव्हतं.

"आमच्या मावशींचा हात आहे तो, मॅडम," घाईसाहेबांनीही छाती पुढे काढली.

मॅडम उठल्या, गुडघे झटकले आणि पेनाला टोपण लावलं. त्या टोपणाच्या टक् आवाजाने मावशींचं सुख जागच्या जागी थिजलं.

"कधी शिवलं हे?"

"काल संपलं."

"अर्जाचं शेवटचं पान वाचलं होतंत का कोणी?" मॅडमनी फाईल उघडून बोट ठेवलं. "कलम चौदा. अर्ज केल्यापासून तपासणी होईपर्यंत वस्तूला दुरुस्तीचा हात लावायचा नाही. लावला तर अर्ज बाद."

घाईसाहेबांनी शेवटचं पान आत्ता पहिल्यांदा वाचलं, तेही उभ्याने. "बाद म्हणजे... पुढच्या महिन्यात परत..."

"तीन वर्षं परत अर्ज करता येत नाही."

तीन वर्षं म्हणजे व्यापारी. तीन वर्षं म्हणजे चौदा सुबक पीस. मावशींना आपले हात कुठे ठेवावेत कळेना, म्हणून त्यांनी ते पदराखाली घेतले. एकतीस वर्षं जे हातांनी केलं तेच आज हातांनी बुडवलं, असं काहीसं त्यांच्या मनात आलं. डोळे मिटून त्या एवढंच म्हणाल्या, देवा, चूक माझी आहे, शिक्षा पडद्यांना नको.

मॅडम टेप गुंडाळत होत्या. घाईसाहेब मावशींच्या कानाशी आले. "मावशी, कात्री घ्या. उसवून टाका पटकन. नऊच तर आहेत. मी मॅडमना चहाला नेतो."

मावशींना कुजबुजता येत नसे. "काय बोलताय साहेब," त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या. "एकतर ती लबाडी. आणि उसवायला गेले तर धाग्याबरोबर कापड येईल हातात. नऊची नव्वद भोकं होतील."

मॅडमचा हात टेपवर थांबला. "कापड येईल म्हणजे?"

"म्हणजे काय. कापडात काही राहिलंय का आता?"

"समोरून तर घट्ट दिसतंय."

"समोरून दिसायलाच शिवलंय," मावशी म्हणाल्या, आणि बोलता बोलता त्यांच्याच लक्षात आलं की आपण कोणाला काय सांगतो आहोत. "मॅडम, पाच मिनिटं थांबाल? मी भोकं कशी शोधते ते दाखवते. मग तुम्हाला जे लिहायचं ते लिहा."

रिकाम्या दिवशी, नाट्यगृहात कोणी नसताना, पडद्याला कुठे झीज आली आहे ते मावशी एकाच रीतीने बघत. आजवर त्यांनी ते कोणाला दाखवलं नव्हतं, कारण आपल्या माणसाची दुखणी चारचौघांत कोण उघडी करतं? त्यांनी घाईसाहेबांना सांगितलं, "सगळे दिवे बंद करा." मग जाळीत बसवलेला लांब वायरचा बल्ब घेतला, पडद्याच्या मागे गेल्या आणि बटण दाबलं.

पुढे उभ्या असलेल्या मॅडमना आधी काहीच कळलं नसावं. मग त्या म्हणाल्या, "अरे देवा," अगदी हळू.

रान नाहीसं झालं होतं. तिथे एक चाळण होती. जिथे कापड विरलं होतं तिथून उजेड सांडत होता, हजारो बारीक ठिपक्यांनी. त्यामध्ये मलमलीची ठिगळं काळसर ढगांसारखी दिसत होती, ठिगळावर ठिगळ, एकमेकांचे हात धरल्यासारखी. आणि आडवे-उभे टाके, साठ वर्षांच्या पडद्यावर एकतीस वर्षांचे टाके. मूळ कापड शोधावं लागत होतं.

"हे सगळं तुम्ही?" मॅडमनी विचारलं.

"सगळं कसं? आधीची काही सासूबाईंची आहेत." पडद्यामागून मावशींचा आवाज आला. दिवा सरकत होता. "हा बघा, हा तुमचा फोटो एक. ताजा आहे, कडा फिकट दिसते. हा दोन. हे मोठं ठिगळ माझे मालक आजारी होते त्या वर्षाचं. ते इथेच दोर ओढायला होते. त्या वर्षी हात नीट चालला नाही, टाका वाकडा दिसतोय ना? हे इथलं तलवारीचं. हा तीन. हे पाण्याचं, छप्पर गळलं होतं तेव्हाचं."

मॅडमनी वही परत उघडली. अंधारात लिहिता येईना, म्हणून घाईसाहेब मोबाइलचा उजेड धरून उभे राहिले. ते तसे दोन तास उभे राहिले, आणि घाई केली नाही. दर हातभर जागेला मॅडम विचारत, मावशी सांगत, घाईसाहेब उजेड सरकवत. मग राजवाडा, मग नदी. दुपारचा चहा आला तो निवून गेला.

दिवे लागल्यावर मॅडम म्हणाल्या, "मावशी, तुम्ही नियम मोडलाय. ते मी लिहिणार. लपवणार नाही."

"लिहा. खरं ते लिहा."

"तुम्हीही लिहून द्या. नऊ दिवसांत काय केलं, कशाने केलं, का केलं. तुमच्या शब्दांत. निर्णय माझा नाही, समितीचा आहे. पण समितीने हे वाचलं पाहिजे."

मावशी आपल्या खोलीत गेल्या, मेजावरच्या चिंध्या बाजूला सारल्या आणि शाळेत शिकवलेल्या वळणदार अक्षरात लिहायला बसल्या. सातवीनंतर त्यांनी इतकं लिहिलं नव्हतं. नऊ भोकं, नऊ परिच्छेद. कुठला धागा, किती टाके, खळ कशाची. शेवटी 'का केलं' यापाशी त्या अडल्या, आणि मग त्यांनी लिहिलं: "फाटलेलं दिसलं की शिवायचं एवढंच मला येतं. नियम वाचायला हवा होता, वाचला नाही. यात अर्ज भरणाऱ्या मुलीचा किंवा मॅनेजरसाहेबांचा दोष नाही. मी शिवलं म्हणून कापड बरं झालेलं नाही. ते बरं करणं माझ्या हाताबाहेर गेलं आहे, म्हणूनच तुमच्याकडे मागितलं."

हे शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर त्यांना जरा हलकं वाटलं. इतकी वर्षं ते त्यांनी स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं.

संध्याकाळी सूनबाईला सगळं कळलं तेव्हा ती डोक्याला हात लावून बसली. "आई, कलम चौदा मी वाचलं होतं. मला वाटलं, हे तुम्हाला कशाला सांगायचं, तुम्ही काही करणार थोड्याच आहात."

"मी काही करणार नाही असं तुला वाटलंच कसं?"



मग वाट बघणं सुरू झालं. सात आठवडे. मंडळाचे लोक भेटले की विचारायचे, "काय मावशी, आलं का काही?" आणि त्या आवाजात काळजी कमी, चौकशी जास्त असे. व्यापारी आणखी एकदा येऊन गेला, या वेळी नदी मोजून गेला. मावशी सकाळी देवाशी दोन वाक्यांच्या जागी चार वाक्यं बोलू लागल्या, पण पैसे मिळू दे असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही. नियम आपण मोडला आणि वर मागणंही मागायचं, हे त्यांना बरं दिसेना. त्या म्हणत, वाचणाऱ्याला नीट वाचायची बुद्धी दे.

पत्र आलं ते एका मंगळवारी, अकराच्या सुमाराला. घाईसाहेब पाकीट घेऊन जिन्याखालच्या खोलीत आले, आणि त्यांनी ते फोडलेलं नव्हतं.

"तुम्ही फोडा."

"साहेब, तुम्हीच फोडा. तुम्ही वाचा. आणि सगळं वाचा."

घाईसाहेब खुर्चीवर बसले. मावशींनी त्यांना बसलेलं पहिल्यांदाच पाहिलं. ते वाचू लागले. पहिल्या परिच्छेदात संदर्भ क्रमांक होते. दुसऱ्यात समितीची बैठक कधी झाली ते होतं. तिसऱ्यात लिहिलं होतं, कलम चौदाचा भंग झाला असल्याची नोंद समितीने घेतली आहे. घाईसाहेब थांबले. मावशींनी यंत्राच्या चाकावर हात ठेवला.

"पुढे वाचा."

"तथापि," घाईसाहेब म्हणाले.

सरकारी पत्रातला हा शब्द मावशींना त्या दिवसापासून फार आवडू लागला. तथापि, सदर दुरुस्ती ही नेहमीची देखभाल असल्याचे, तिच्यासाठी कोणताही खर्च मागितलेला नसल्याचे, आणि संबंधित कारागीर महिलेने स्वहस्ते संपूर्ण माहिती दिल्याचे तपासणी अहवालावरून दिसून येत असल्याने, सातही पडद्यांच्या जतनासाठी अनुदान मंजूर करण्यात येत आहे. पडदे कापता येणार नाहीत, विकता येणार नाहीत. जतनाचे तज्ज्ञ दोन महिन्यांत येतील. त्यांनी सदर कारागीर महिलेकडून प्रत्येक पडद्याची माहिती घेऊनच कामास सुरुवात करावी.

"मंजूर," घाईसाहेब परत एकदा म्हणाले, जणू पहिल्यांदा नीट वाचलं गेलं नव्हतं.

मावशींनी चाकावरचा हात काढला आणि डोळे मिटले, आणि बराच वेळ उघडले नाहीत. घाईसाहेब तोवर शेवटच्या पानाशी पोचले होते.

"मावशी, एक अट आहे. तज्ज्ञ येईपर्यंत कोणीही, म्हणजे कंसात तुमचा हुद्दा लिहिलाय, एकही टाका घालायचा नाही. नवीन काही फाटलं तर तारीख लिहून चिठ्ठी लावायची, बस."

"एकही नाही?"

"एकही नाही. लाल शाईत आहे."

शुक्रवारी नाटकाची तालीम होती. नदीचा पडदा वर जाताना मावशींना पलीकडच्या काठावर एक बारीक चीर दिसली, बोटभर. त्यांचा हात आपोआप पदरात खोचलेल्या सुईकडे गेला. तो त्यांनी तिथेच थांबवला. खोलीत जाऊन कागदाची पट्टी फाडली, तारीख लिहिली, आणि टाचणीने नाही तर नुसत्या दोऱ्याने पडद्याच्या खालच्या लाकडी दांड्याला बांधली. मग काय करावं ते त्यांना सुचेना. यंत्रावर कापड नव्हतं, मेजावर काम नव्हतं. जरा वेळ त्या उभ्या राहिल्या, मग पिशवी घेऊन त्यांनी खोलीला कडी घातली.

उन्हं असताना घरी आलेल्या सासूला पाहून सूनबाई दचकली. "आई, काय झालं? बरं नाही का वाटत?"

"झालं काहीच नाही," मावशी चपला काढत म्हणाल्या. "नदी फाटलीय. उद्या बघू, परवा बघू, दोन महिन्यांनी बघू. ज्यांना बघायचं ते बघतील. तू चहा टाकतेस का मी टाकू?"